कॅलेंडरच्या कोपऱ्यातलं नाव

गोरक्ष सानप जळत होता. आडपडदा कशाला, सरळच सांगतो: रविवार कारंज्याजवळच्या छापखान्यात साक्षी नावाची तरुण पोरगी कामाला लागली, तेव्हापासून या बाबाच्या पोटात दुखायला लागलं.

तसा तो पट्टीचा अक्षरजुळणीवाला. दुकानदार गिऱ्हाइकांना फुकट वाटतात ती भिंतीवरची कॅलेंडरं हीच या छापखान्याची ओळख, आणि कॅलेंडर म्हणजे गोरक्ष. डिसेंबरच्या पानावर, खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या टायपात दर वर्षी यायचं, ‘अक्षरजुळणी : गोरक्ष सानप, सिन्नर’. घरी पाहुणे आले की आधी डिसेंबरचं पान, मग चहा. त्या एका ओळीची भारी मिजास होती त्याला.

यंदा मालकांनी, रंगनाथशेठनी, नवंच काढलं. “कॅलेंडर मोबाइलवरही पाहिजे. नुसता फोटो नको, एकादशी शोधली की तारीख सापडली पाहिजे. दोघं एकेक महिना लावा. ज्याचं जमेल त्याचं कॅलेंडर, नावही त्याचंच.”

आता ऐका. गोरक्षचा फाँट जुन्या काळचा. ५ चं बटण दाबलं की पडद्यावर मराठी ५ दिसायचा, पण संगणकाच्या पोटात नोंद व्हायची ती इंग्रजी पाचाची. वरून फक्त मराठी मुखवटा. साक्षी युनिकोडमध्ये टाइप करायची. तिथं मराठी पाचाला स्वतःचा वेगळा क्रमांक, फाँट कुठलाही लावा, तो मराठीच राहणार. पण हे गोरक्षला कुठं ठाऊक! त्याच्या लेखी आकडा म्हणजे आकड्याचं चित्र.

“कालची पोर!” शेठना ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला. “हिचा ८ बघा, हिंदी वळणाचा. आपल्याकडं असा काढतात का?”

“खरंच की काका,” साक्षी म्हणाली. दुसरा फाँट लावून तिनं महिन्यातले सगळे आठ एका झटक्यात मराठी वळणाचे केले. वर थँक्यू म्हणाली. जळ्ळं मेलं ते थँक्यू! तिनं वाद घातला असता तर त्याला निदान झोप तरी लागली असती.

दुपारी ती डबा खायला गेली. गोरक्षनं इकडंतिकडं पाहिलं, तिचं पान उघडलं, सगळा मजकूर निवडला आणि त्याला आपला जुना फाँट लावला. आजवर फाँट बदलला की पानाचा चुराडा होताना त्यानं पाहिलं होतं. आता हिचीही जिरेल, असा हिशेब. पण आकडे जागचे हलायला तयार नाहीत! पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्यानं आपल्या पानाला तिचा फाँट लावला. झालं! एकादशी, चतुर्थी, साऱ्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी, आणि तारखा एकजात इंग्रजी. घाईघाईनं त्यानं सगळं पूर्ववत केलं.

शेठच्या मोबाइलमध्ये गोरक्षचा जुना फाँट कुठला असायला! संध्याकाळी तिथं त्याचं पान तसंच उघडलं, खिचडीसकट. शेठनी एकादशी शोधली, सापडली नाही. कॅलेंडर साक्षीला मिळालं.

कॅलेंडर छपाईला जायच्या दिवशी तिनं त्याला हाक मारली. डिसेंबरच्या कोपऱ्यात तिच्या नावाशेजारी त्याचंही नाव होतं. “शेठना विचारलंय काका. सण-वार कसे मांडायचे ते मी तुमच्याच जुन्या कॅलेंडरांवरून शिकले.”

गोरक्षच्या अंगाचा तिळपापड झाला. भीक घालते काय? आणि त्याच वेळी ते नाव तिथं राहावं म्हणून जीव नुसता तुटत होता.

“छे छे, मला कशाला? तुझं एकटीचंच टाक,” तो म्हणाला.

आता ती म्हणेल, असं कसं काका. आपण पुन्हा नको म्हणू. ती आणखी आग्रह करील, आणि मग आपण, राहू दे बाई, तुझा एवढा हट्टच आहे तर, असं म्हणू. जेवताना दुसरी पोळी घेतात तसं सगळं त्यानं मनात मांडून ठेवलं होतं.

“बरं काका,” साक्षी म्हणाली, आणि तिनं त्याचं नाव पुसून टाकलं.