कमानीवरचे घोडे

गेल्या वर्षी चंपाषष्ठीच्या दोन दिवस आधी मी एकटाच बर्लिनला गेलो. जाण्यायेण्याचं तिकीट आणि हॉटेल मिळून एकशे अठ्ठ्याऐंशी युरो, रद्द केलं तरी परत न मिळणारे. सप्टेंबरात बुकिंग केलं तेव्हा जवळ कुणीच नव्हतं. असतं, तर निदान पंचांग बघ म्हणालं असतं. मी फक्त ऑफिसचं कॅलेंडर पाहिलं. शिल्लक रजा वर्षअखेरीला बुडणार होती, बायकोला सुट्टी नव्हती, मुलीची शाळा होती. इतकी वर्षं वोल्फ्सबुर्गमध्ये, तासाभराच्या अंतरावर राहून मी राजधानी नीट पाहिली नव्हती.

नंतर बाबांचा व्हिसा झाला आणि नोव्हेंबरात ते आमच्याकडे आले. आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला दुपारी तळी भरायची, म्हणजे ताम्हनात भंडारा, खोबरं, पानसुपारी ठेवून पाच जणांनी ते ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत तीनदा उचलायचं, मग भरीत-रोडग्याचा नैवेद्य. तोवर बाबा अन्नाला शिवत नाहीत. तारीख लक्षात आल्यावर मी माझा हिशोब त्यांना सांगितला. इथे पाच पुरुष जमणारच नाहीत, मग दोघं काय आणि एक काय.

बाबा हसले. म्हणाले, “सून धरेल, नात धरेल. देव काही हजेरी घेत नाही. पण तू ये बाबा.” शेवटी मी षष्ठीच्या सकाळच्या गाडीने परतायचं कबूल केलं. निघताना त्यांनी माझ्या कोटाच्या खिशात कागदाची पुडी सरकवली. भंडारा आणि खोबऱ्याचा तुकडा. मी ती काढून ठेवणार होतो, कोट पिवळा होईल म्हणून. घाईत राहून गेली.

बर्लिनमध्ये मी ठरवलेलं सगळं पाहिलं. संग्रहालयं, कॅथेड्रल, भिंतीचे उरलेले तुकडे. चारच्या सुमाराला अंधार पडायचा आणि मग माणसं दोघंदोघं नाताळच्या बाजारात शिरायची. मी एकटा गरम पेयाचा मग हातात धरून उभा राहायचो. यादीतल्या स्थळांवर खूण करायचो आणि पुढे जायचो. कुणाला ‘ते बघ’ म्हणावं असं शेजारी कुणी नव्हतं.

षष्ठीच्या सकाळी स्टेशनवर आलो तर विजेच्या तारांवर बर्फ धरून वाहतूक बंद पडलेली. फलकावर गाड्यांपुढे एकच शब्द येत होता, रद्द. रस्ते मीठ टाकून मोकळे केले होते, पण बसची तिकिटं संपली होती. एक वाजता बायकोचा फोन आला.

“अहो, कुठे आहात? भरताची वांगी भाजताना धुराचा अलार्म वाजला, वरच्या मजल्यावरचे आजोबा धावत आले. ते जाऊ दे. बाबा जेवत नाहीयेत. मधुमेहाची गोळी सकाळीच घेतलीय, आता हात थरथरतोय. दूधसुद्धा नको म्हणतात.”

मागून मुलीचा आवाज आला, “पापा, वो बिस्ट दू?” कुठे आहेस, एवढंच ती विचारत होती. मी बाबांना फोन द्यायला सांगितलं. त्यांना जेवा म्हणालो. “तू ये सावकाश,” एवढंच म्हणाले.

मी फारसा देवदेव करणारा नाही. पण त्या फलाटावर खिशातली पुडी उघडली, चिमूट कपाळाला लावली आणि मनात म्हणालो, माझं राहू दे, बाबांच्या पोटात काहीतरी जाऊ दे. तेवढ्यात मांडीपाशी काहीतरी ओलसर लागलं. एक मोठं करडं कुत्रं खोबऱ्याच्या वासाने खिशात नाक खुपसत होतं. नाक बाहेर काढलं ते पिवळंधमक. त्याची मालकीण, साठीची बाई, ओशाळून माफी मागू लागली. मी म्हटलं, असू द्या, हा आमच्या देवाचा सोबती. मग जर्मनमध्ये जमेल तसं सगळंच सांगितलं. ती बहिणीला घ्यायला आली होती. बहीण हानोफरला अडकली होती, म्हणून आता गाडी घेऊन तिकडेच निघाली होती. वोल्फ्सबुर्ग वाटेवरच.

“वडील उपाशी आहेत?” तिने विचारलं. “आल्झो, मग चला.”

कुत्र्याला खोबरं हवं होतं आणि बाईला बहीण, एवढं मला कळतं. त्यापलीकडे काही सिद्ध करायचं नाही. मी योजलेलं सगळं बंद पडलं आणि जे नकळत खिशात राहिलं होतं, त्याने मला घरी आणलं. हात टेकल्यावरच देव हात धरतो, असं मला तेव्हापासून वाटतं.

घरी पोचलो तेव्हा बाबा टोपी घालून ताम्हनापुढे बसले होते. वरच्या मजल्यावरचे आजोबाही थांबले होते. पाच हात झाले. ताम्हन उचललं. बाबांनी नैवेद्याचा पहिला घास घेतला, दुसरा घेतला, थरथर हळूहळू थांबली. मग त्यांनी विचारलं, “त्या कमानीवरचे घोडे पाहिलेस का रे? चार आहेत म्हणे.”

ब्रांडेनबुर्ग कमानीखालून मी दोनदा गेलो होतो. मान वर केली नव्हती.

“मला वाटलं होतं, मलाही नेशील,” ते रोडगा मोडत म्हणाले. रागाने नाही. “विचारणार होतो. पण तुझं तिकीट एकाचंच होतं.”

त्यांना थंडी सोसणार नाही, असं मी मनातच धरून टाकलं होतं. विचारलं नव्हतं.

जानेवारीत ते परत गेले. उन्हाळ्यात डॉक्टरांनी विमानप्रवास कायमचा बंद केला. मल्हारीने मला वेळेवर पोचवलं, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. घोड्यांचं राहिलं ते राहिलंच.

त्या बाईने पेट्रोलसाठी देऊ केलेली वीस युरोंची नोट घेतली नव्हती. बाबांनी ती नोट तळीत ठेवायला लावली आणि जाताना बरोबर नेली. जेजुरीला त्यांना गड चढवला नाही. पहिल्याच पायरीशी त्यांनी नोट बदलून आलेल्या रुपयांचं भंडारा-खोबरं उधळलं, उरलेल्याची बिस्किटं तिथल्या कुत्र्यांना घातली आणि मला फोन केला, “तुझं गाडीभाडं पोचतं केलं रे.”