ताटीवरचं पाणी

खोटा आळ आला की माझं डोकं फिरतं. आणि आळ तरी कशाचा, तर झोपेचा. दुपारी जरा डोळा लागला तर मला संध्याकाळभर कपाळ धरून बसावं लागतं, आणि मी म्हणे कामावर झोपते!

नागपुरात कळमन्याच्या बाजाराजवळ एका डाळीच्या व्यापाऱ्याच्या गोदामात मी कॉम्प्युटरवर बसते. गोदाम रस्त्याच्या या बाजूला, ऑफिस त्या बाजूला. माल सुटला की मी गेटपास टाइप करायचा, तो समोर ऑफिसात दिसला की तिथून बिल निघणार, मग ट्रक हलणार. आधी दोन्हींच्या मध्ये रस्त्यावरून तार ओढली होती. कुटारानं, म्हणजे गुरांच्या भुशानं, लादलेल्या एका उंच गाडीनं ती तोडून नेली. पुन्हा ओढली, दुसऱ्या गाडीनं नेली. शेवटी दिवाळीनंतर नेटवाल्यानं दोन्हीकडे ताटलीएवढ्या पांढऱ्या अँटेना बसवल्या, एकमेकींकडे तोंड करून. माझ्याकडची गोदामाच्या छतावर, तिकडची ऑफिसच्या माडीवर, मालकांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात. तारेची कटकट गेली आणि हिवाळाभर काम अगदी सुरळीत चाललं.

मे महिना लागला आणि दुखणं सुरू झालं. सकाळी सगळं ठीक, दुपार चढली की संपर्क तुटायचा. मी टाइप केलेले गेटपास माझ्याच मशीनमध्ये अडकून पडायचे आणि ऊन उतरलं की एकदम तिकडे जाऊन पोचायचे. तिकडे वेळ उमटायची ती पोचल्याची. मग पाहणाऱ्याला काय दिसणार? बाई दुपारभर गायब, संध्याकाळी घाईघाईनं सगळं उरकलं. ट्रकवाले ताटकळायचे आणि जाऊन मालकांकडे बोंब मारायचे.

मी काय गप्प बसले होते? रोज दुपारी ऑफिसात फोन करायचे. तिथले हिशेब पाहणारे मुनीमजी उचलायचे आणि दबक्या आवाजात सांगायचे, मालक आराम करून राहिले, उठल्यावर सांगतो. मालक उठेपर्यंत सगळं आपोआप सुरू झालेलं असायचं, मग मुनीमजीही विसरायचे. नेटवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा सकाळीच. नवतप्याच्या त्या नऊ कडक दिवसांत भरदुपारी नागपुरात छतावर चढतं कोण? त्यानं तपासलं, सगळं चोख निघालं. चोख यंत्र रोज दुपारीच बंद पडतं म्हणजे ते कोणीतरी बंद करतं आणि ताणून देतं, असा मालकांनी हिशेब लावला.

एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीआधी मुनीमजी मालकांचा निरोप घेऊन आले. संध्याकाळी गोदामाची चावी देऊन जा, सोमवारपासून दुसरी बाई येणार. घरात कमावणारी मी एकटी, लेक कॉलेजात. आणि झोपते म्हणून काढली, हे एकदा कळमन्यात पसरलं की दुसऱ्या कोणाच्या गोदामात मला कोण उभं करणार? रडू यायला हवं होतं, पण मला राग आला.

त्या दुपारी संपर्क तुटला तशी मी उठले. तोंडाला दुपट्टा बांधला, लू लागू नये म्हणून कुर्त्याच्या खिशात कांदा टाकला आणि लोखंडी शिडी चढले. सावलीत पडलेले हमाल खालून ओरडत राहिले की भोवळ येऊन पडशील. छताचा पत्रा चपलेतून भाजत होता. माझी अँटेना जागच्या जागी होती. मी समोर पाहिलं.

मालकांच्या व्हरांड्याला उन्हाळ्यात गारव्यासाठी खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावल्या होत्या, अँटेनाच्या अगदी पुढ्यात. सकाळी येऊन गेला तेव्हा नेटवाल्यानंही त्या पाहिल्या होत्या. वाळलं गवत आहे, त्यातून सिग्नल आरपार जाते, असं म्हणून गेला होता. आता त्याच ताट्या काळ्याभोर दिसत होत्या. वरच्या नळीतून पाणी सोडलेलं, खाली धार लागलेली.

तिथूनच मी नेटवाल्याला फोन केला. ओल्या ताटीनं काही फरक पडतो का, विचारलं.

"पाणी रोज सोडते काय, ताई? मंग तेच आहे. पाणी सिग्नल पिऊन टाकते. बंद करून पाहा."

बंद करून पाहा! म्हणायला त्याचं काय जात होतं. आत मालक झोपलेले, त्यांच्या झोपेत आजवर कोणी शिंकलंही नव्हतं.

मी रस्ता ओलांडला. ताट्यांचा नळ जिन्याखाली होता, आणि मुनीमजी माझ्या आडवे आले.

"बाई, माही नोकरी जाईन."

"माही त गेलीच आहे," मी म्हटलं आणि नळ बंद केला.

मग ताट्या वाळायची नुसती वाट पाहणं. मुनीमजींना नेटवाल्याचं म्हणणं सांगितलं आणि त्यांच्या कॉम्प्युटरसमोर उभी राहिले. नेटवाल्याचा अंदाज चुकला तर? मालक आधीच उठून खाली आले तर? एरवी आमच्याकडची लू दोरीवरचं धुणं पाहता पाहता वाळवते, पण आज तिलाही घाई नव्हती. वर खाट करकरली. मुनीमजी उगाचच खुर्ची पुसू लागले. वर पावलं वाजली, आणि मालक बनियनवर, घामानं निथळत जिन्यावर येऊन उभे राहिले. पाणी कोणी बंद केलं, म्हणून गरजले.

मी केलं, असं मी सांगत होते तोच मुनीमजींनी माझा हात धरला आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. पहिला गेटपास आला होता. मग दुसरा आला. मग दुपारचे सगळेच एकामागून एक येऊ लागले. मी इथे उभी, गोदामाच्या मशीनला हात लावायला तिथे कोणी नाही.

मालकांनी स्क्रीन पाहिला, मग नळ पाहिला. मुनीमजींनी चाचरत चाचरत नेटवाल्याचं म्हणणं सांगितलं.  मालक माझ्यावरच घसरले.

"मंग इतके दिवस सांगितलं काहून नाही?"

"रोज फोन केला, मालक," मी म्हटलं. "तुम्ही झोपले होते."

त्या संध्याकाळी चावी मागायला कोणी आलं नाही.