शेंदराची खोळ

सन १९८१, चैत्र : आमच्या वेशीबाहेरचा मारुती ‘दोन वर्षांपूर्वी बसवलेला’ आहे, असा पंचनामा तलाठ्यांनी लिहिला. वैशाख : सरपंचांनी त्यावर सही केली. ज्येष्ठ : रस्त्यालगतची ती जागा हवी असलेल्या शीतगृहाच्या मालकांनी, अतिक्रमण म्हणून मंदिर पाडावे, असा अर्ज दिला. जबाबदार हे तिघे. कोर्टातील कारकुनीत आयुष्य गेलेल्या मी हरकतींवर हरकती पाठवल्या. एकीलाही उत्तर आले नाही.

आषाढातल्या एका शनिवारी प्रांतसाहेबांची पाहणी ठरली. दर शनिवारी मारुतीला शेंदूर मीच लावतो. आदल्या संध्याकाळी हरसूलकडचा एक अनोळखी गुरव माझ्याशेजारी पारावर टेकला. वर्षानुवर्षांचा तेल-शेंदूर साचून मूर्तीवर जे कवच चढते, त्या खोळीकडे तो निरखून पाहत होता.

“बाबा, उद्या शेंदूर नका लावू. खोळीला चीर गेली हे. चीर बुजवू नका, देव मोकळा होऊ द्या.”

“कोणी पाठवलं तुम्हाला? शीतगृहवाल्यांनी?”

“घ्या! आता माझाबी पंचनामा करा,” तो हसला आणि वाटेला लागला.

माझा संशय पक्का झाला. मूर्ती कोरडी दिसली, की इथे पूजाच होत नाही असे लिहायला ते मोकळे! सकाळी शेंदराची वाटी घेऊन मी उभा राहिलो. तेवढ्यात ती चीर खरोखरच दिसली, बोटभर लांब. हात पुढे होईना. शेवटी वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, “माझे कागद संपले. आता तुझे तू बघ.”

साहेब आले. तलाठी पंचनामा वाचत असतानाच खोळ खांद्यापासून सुटली आणि धप्पकन खाली आली. वीतभर जाड, थरावर थर; अगदी आतल्या थरात रुतलेला राणीछाप पैसा. साहेबांनी तो स्वतः उकरून पाहिला आणि अर्ज तिथेच फेटाळला.

मी हरकती लिहिणे सोडलेले नाही. परंतु राखणारा मी नव्हतो, हे त्या सकाळी कळले. त्या गुरवावर घेतलेल्या संशयाची क्षमा मी रोज मागतो. सरपंचांना मात्र क्षमा नाही. येत्या ग्रामसभेत त्यांनी उभे राहून उत्तर द्यावे : हा देव दोनच वर्षांचा, तर वीस वर्षांपूर्वी बाशिंग बांधून, घोड्यावरून उतरून, आपण कोणाच्या पाया पडला होतात?