पडवीतल्या रिकाम्या खुंट्या

कराडच्या कॉलेजात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आषाढातल्या एका सकाळी स्टँडवर पाटणकडून आलेल्या गाडीच्या कंडक्टरने मला हाक मारली. तो आमच्याच भागातला. म्हणाला, "गड्या, तुमच्या वाडीवर रात्री दरड आलीया. तू हितं काय करतोस?"

त्याच गाडीने मी उलटा निघालो. तिकीट त्याने मागितलं नाही. पाटणच्या पुढे रस्त्यावर डोंगराची माती उतरली होती, तिथून दोन तास चालत गेलो.

आमची वाडी म्हणजे डोंगराच्या कडेला एकच लांबलचक कौलारू घर. तीन चुली, पडवी एक. माझे आईवडील, भाऊ-वहिनी आणि त्यांचं तान्हं पोर, चुलतभावाचं कुटुंब, त्याच्याकडेच राहणारा त्याचा मेव्हणा, आणि डोळ्यांनी अधू झालेला थोरला चुलता. गाव खाली अर्ध्या कोसावर. मी पोचलो तेव्हा घर दिसतच नव्हतं. लाल माती, दगड आणि मुळांसकट आडवी पडलेली झाडं. गावचे वीस-पंचवीस जण खोरी-पहारी घेऊन उकरत होते. पुढे एक निवृत्त सुभेदार होते, आमच्याच गावचे. तालुक्याहून होमगार्डही आले होते. ओढा फुगलेला, पलीकडं आमच्या शेतावर कुणाला जाता आलं नव्हतं, आणि असल्या पावसात माणसं रात्री घरातच असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं.

मीही पाटी उचलली. माझ्या शेजारचा माणूस न थांबता खोदत होता. आमच्याकडे त्याचं येणं-जाणंही नव्हतं. त्याचे हात मी अजून विसरलेलो नाही.

तासाभराने पडवीची तुळई उघडी झाली. तिला सात खुंट्या होत्या, वडिलांनी ठोकलेल्या. भात लावताना पाठीवर घ्यायची बांबूची इरली आम्ही तिथे अडकवत असू. शेतावरून आलं की ओलं इरलं खुंटीवर, हा आईचा कायदा. कुणी जमिनीवर टाकलं तर ती जेवायला वाढत नसे. सातही खुंट्या रिकाम्या होत्या. मी हाताने भोवतालची माती उकरली. इरल्याचं एक पान नाही, एक कामटी नाही.

"सुभेदारकाका," मी ओरडलो, "इरली न्हाईत! समदी शेतावर हायत. ओढ्याच्या पलीकडं!"

सुभेदार खाली उतरले, खुंट्या हाताने चाचपल्या. मग हळूच विचारलं, "आन् तुजा चुलता?"

चुलत्याला इरलं नव्हतंच. तो कित्येक वर्षांत शेतावर गेला नव्हता. वहिनी पोर त्याच्यापाशी ठेवूनच कामाला जाई.

सुभेदारांनी क्षणभर विचार केला. "निम्मे हितंच. चुलत्याच्या खोलीकडनं उकरा. निम्मे माझ्यासंगं. मार्च!"

ओढ्याच्या आवाजात हाका पोचत नव्हत्या. पण पलीकडच्या खाचरातल्या खोपीवर धूर होता. भर पावसात धूर! होमगार्डांनी पाणी थोडं उतरल्यावर झाडाला दोर बांधला आणि दोघे पलीकडे गेले. माणसं खोपीतून बाहेर आली तशी मी बोटांवर मोजू लागलो. वडील, भाऊ, वहिनी, तिच्या काखेत पोर. चुलतभाऊ, त्याची बायको, त्याचा मेव्हणा. सहा इरली. शेवटी आई, खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन. तिच्यामागे, तिचंच इरलं पांघरून, परत आत गेलेल्या माझ्या भावाचा खांदा धरून चुलता.

सुभेदारांनी मागे वळून दोन्ही हात हलवले, आणि वरचं खोदणं थांबलं.

झालं होतं असं. आदल्या दिवशी वहिनी निघाली तसा पोराने आकांत मांडला. चुलत्याला ते आवरेना. म्हणून भावाने चुलत्यालाच पाठंगुळीला घेऊन खोपीत बसवलं, पोर मांडीवर दिलं. दुपारी ओढा चढला आणि सगळे तिथेच अडकले. रात्रभर ओढ्याला शिव्या देत बसले होते.

दोराला धरून आई अलीकडे आली. मला बघून म्हणाली, "कालेज बुडवून आलास व्हय रं?" मग तिची नजर डोंगराकडे गेली. घर गेलं होतं. तीन चुली, धान्य, माझी शाळेची पुस्तकं, सगळं. तरी त्या दुपारी मला रडू आलं ते सुखाचंच.

संध्याकाळी गावच्या शाळेत आम्हाला जागा दिली. कुणी भाकरी आणल्या, कुणी कोरडी धोतरं. आईने भिंतीला सहा इरली टेकवली. चुलता कोपऱ्यात सातवं पांघरून बसलेलाच.

"आवं, आता तरी द्या की माझं इरलं," आई म्हणाली. "आत कुठं पाऊस हाय?"

"न्हाई देत," चुलता म्हणाला. "सकाळी बगू."