दुसरा पिवळा टीशर्ट

वर्ला थुंकली नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गावात आता जो तो म्हणतो, एवढं लपवायचं होतं तर त्या नळीत थुंकायचं कशाला! अरे, थुंकला माझा नवरा. थुंकला माझा दीर. आणि निस्तरतेय कोण, तर वर्ला.

वर्ला माझी नणंद. आमच्या मॅन्टाय गावच्या पोस्टात खिडकीवर तिने जन्म काढला. कुणाला कोर्टाचं पाकीट आलं, कुणाच्या मुलाचं पत्र तुरुंगातून येतं, सगळं तिच्या हातून गेलं, पण तोंडातून अवाक्षर बाहेर पडलं नाही. मी एकदा फारच खोदून विचारलं तर म्हणाली, "लुआन, तुझीही पत्रं माझ्याच हातून जातात बरं का." लग्न काही तिने केलं नाही.

दर जुलैत आमच्या घराण्याचा मेळावा भरतो. प्रत्येक भावंडाच्या शाखेला टीशर्टचा एक रंग. आमचा निळा, थेन भावजींचा लाल, वर्लाचा पिवळा. निळे ढीगभर, लाल त्याहून जास्त, पिवळा मात्र एकच. पोरं तिला 'पिवळी आत्या' म्हणायची आणि तीही हसायची.

मागच्या वर्षीच्या मेळाव्यात थेन भावजींची लेक शॉना डीएनए तपासायच्या नळ्यांचं खोकं घेऊन आली. पोरगी गुणाची आहे, पण वंशावळीचं भूत मानगुटीवर बसलेलं. आमच्या चर्चच्या लोकांत ते बहुतेकांच्या असतंच. वंशावळीत एक चौकोन रिकामा राहिला तरी यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मक्याची कणसं खाऊन झाली आणि माझा नवरा रूलन आणि थेन भावजी या दोघा भावांनी पैज लावली, कुणाची नळी आधी भरते. साठी उलटलेले बाप्ये, बघा! शॉना नळी घेऊन वर्लापुढे गेली.

"आत्या, तू पण थुंक ना!"

"माझं तोंड कोरडं पडलंय गं."

"पाणी आणू?"

"पाणी नको. पाठ सोड."

यंदा एप्रिलमध्ये शॉना माझ्या स्वयंपाकघरात नाचतच आली. दूर बोइसी शहरात कोलेट नावाची पन्नाशीची बाई सापडली होती, तान्ही असतानाच दत्तक गेलेली. रूलनशी आणि थेन भावजींशी तिचा डीएनएचा चौथा हिस्सा जुळत होता.

"काकू, चौथा हिस्सा म्हणजे भाची! काकांची किंवा बाबांची मुलगी असती तर अर्धा जुळला असता. मग उरलं कोण? आत्या अठराची असताना अख्खा हिवाळा बोइसीला नव्हती का?"

"अगं, पण तिला विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? फोन करून अभिनंदन केलं मी तिचं! कोलेटला मेळाव्याचं बोलावणंसुद्धा गेलं. टीशर्ट छापायला टाकलाय, पिवळा!"

हातातला डाव तिच्या डोक्यात घालावा असं वाटलं मला.

त्याच दुपारी वर्ला आली. आम्ही त्या नळ्यांच्या कंपनीला फोन लावला. तेच ते संगीत ऐकून कान किटले, तेव्हा कुठे एक पोरगा बोलला.

"मॅडम, तुमचं खातं सापडत नाहीये."

"कसं सापडेल? मी तुम्हाला काही दिलंच नाही."

"मग पुसायचं काय, मॅडम?"

"मला पुसा! माझ्या भावांच्या थुंकीत मी आहे ना, तेवढी मला पुसा."

"त्यासाठी खातेदारांनी सांगायला हवं. आणखी काही मदत करू?"

खातेदार सोफ्यावर तंगड्या पसरून बसला होता. "मी माझी थुंकी दिली, तिची नाही," रूलन म्हणाला. "आणि एवढ्या वर्षांनी पोर मिळतेय, त्यात रडायचं काय?" या माणसाशी बोलून मी आयुष्यभर थकलेय. आणि पुसून तरी काय उपयोग होता? कोलेटनं बघायचं ते बघितलं होतं.

वर्ला मला ओढत परसात घेऊन गेली.

"लुआन, बाप एक आणि आई वेगळी असली, तरी बहिणीचा चौथाच हिस्सा जुळतो."

मला कळायला जरा वेळ लागला. सासरे! चर्चचे बिशप, गावाला सचोटीचे धडे देणारे! त्यांच्या बियाण्याच्या दुकानात एक मुलगी कामाला होती. तिला दिवस गेले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या अठरा वर्षांच्या लेकीला तिच्यासोबत बोइसीला धाडलं, बाळंत होईपर्यंत सांभाळायला. वर बजावलं, आईला कळता कामा नये. शॉनाच्या हिशेबात आजोबा आलेच नाहीत. येतील कसे? त्यांचा फोटो दिवाणखान्यात लावलाय ना!

"ती मुलगी कुठे आहे आता?"

"तिशीतच गेली बिचारी."

"मग सांगून टाक सगळ्यांना. त्यांचं शेण तू का म्हणून अंगावर घ्यायचं?"

"आई एक्याण्णवची आहे, लुआन. मेल्यावर स्वर्गात पुन्हा बाबांसोबत राहायचंय, या एका भरवशावर दिवस काढतेय ती. तिला काय सांगू?"

"आणि कोलेटला?"

"तिला सांगेन. आई गेली की आधी तिलाच सांगेन."

जुलैत कोलेट आली. हनुवटी अगदी सासऱ्यांची, पण ती हनुवटी आमच्यात पोरासोरांनासुद्धा आहे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पिवळा टीशर्ट घालून ती वर्लापुढे उभी राहिली. निळे, लाल सगळे भोवती गोळा झाले. वर्लाने तिला पोटाशी धरलं आणि दोघी रडल्या. तेवढ्यात शॉना डोळे पुसत पुढे आली आणि हातात काय, तर नवी नळी!

"आत्या, आता एकदाच थुंक, म्हणजे चौकोन पक्का होईल."

मी ती नळी हिसकावली आणि चीज घातलेल्या बटाट्यांच्या ट्रेमध्ये खुपसली.

"काकू, हे काय!"

"तोंड कोरडं आहे तिचं!" मी ओरडले.

सासूबाई खुर्चीत बसून दोन्ही पिवळ्या टीशर्टांकडे बघत होत्या. त्यांनी बोटानेच वर्लाला बोलावलं. मी मागोमाग गेले.

"बरं झालं, हे बघायला तुझे बाबा नाहीत," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळे त्यांची मान खाली गेली असती."

मी तोंड उघडलं. वर्लाने माझं मनगट असं आवळलं की वळ उठले.

"हो आई," ती म्हणाली. "बरं झालं."