वकीलसाहेबांचा अंगठा

माझे वडील अमरावतीच्या कोर्टात वकील होते आणि न वाचता सही करणाऱ्या माणसाचा त्यांना भयंकर राग यायचा. घरी लग्नपत्रिका आली तरी ते ती खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचून काढत. माझ्या प्रगतिपुस्तकाचं तर विचारूच नका. गणितातले मार्क पुन्हा बेरीज करून बघत, आणि बाईंची एकदा चूक सापडली तेव्हा त्यांनी ती लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून पाठवली. बाईंनी तो राग वर्षभर माझ्यावर काढला.

सकाळी आमच्या बैठकीत खेड्यापाड्यातली माणसं येऊन बसलेली असत. वडिलांचा मुन्शी कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, पक्षकार मान डोलवायचा, मग शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून कागदावर उठवायचा. खाली मुन्शी झोकात लिहायचा, "वाचून दाखविले, समजले, मान्य." मी दाराआडून हे इतक्यांदा पाहिलं होतं की मुन्शी आजारी पडला असता तर मी सहज काम चालवलं असतं. निदान माझी तशी खात्री होती. सातवीत होते मी, खात्रीला काय कमी!

साठ साल उलटून गेलं होतं. हिवाळ्यात आमच्या मुलींच्या शाळेत एक तरुण डॉक्टर आले. जंतांवरचं एक नवीन औषध निघालं होतं, त्याचा गुण किती येतो ते त्यांना पाहायचं होतं. आठवड्यातून दोनदा चमचाभर लाल गोड औषध, आणि ते गिळलं की एक पेपरमिंट. पेपरमिंट म्हटल्यावर सगळ्या वर्गाच्या पोटात एकदम जंत झाले.

फक्त एक अडचण होती. प्रत्येकीला पानभर छापील चिठ्ठी मिळाली. वर बारीक अक्षरात बराच मजकूर, आणि खाली ठळक, "माझ्या मुलीस हे औषध देण्यास माझी हरकत नाही." त्याखाली पालकांची सही. शुक्रवारपर्यंत आणायची. आमच्या बाईंनी मजकूर वाचून दाखवलाच नाही. "सही आणा, फाटे फोडू नका," एवढंच म्हणाल्या.

माझ्या वडिलांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली, मागच्या बाजूला तीन प्रश्न लिहिले आणि ती फाइलीत घालून वर फीत बांधली. "डॉक्टरांना भेटल्याशिवाय सही नाही," म्हणाले. झालं! आमच्या घरात फाइलीत गेलेला कागद दोन-दोन वर्षं बाहेर येत नसे. तोवर पेपरमिंट उरणार होते थोडेच?

माझ्या बाकावरची मैत्रीणही अडली होती. ती शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागाईतदाराची मुलगी. शिकायला म्हणून अमरावतीला मावशीकडे राहायची. सगळ्या भावकीनं पोरीला शहरात ठेवू नको म्हणून सांगितलेलं असताना बापानं हट्टानं ठेवलेली. ती म्हणाली, "रविवारी बाबा येतीन, तवा इचारतो."

"अगं, शुक्रवार शेवटचा!" मी म्हटलं.

"मंग राहू दे."

राहू दे कसं? मला दया आली. खरं सांगते, दयाच आली, आणि माझ्या त्या दयेचा आजही मला संताप येतो. मी वर्गातून दोन कोऱ्या चिठ्ठ्या उचलल्या आणि मुन्शी जेवायला गेला होता तेव्हा त्याचा पॅड ओढला. वडिलांची सही म्हणजे नुसता दोऱ्याचा गुंता, ती काही मला जमेना. मग मी दोन्ही चिठ्ठ्यांवर माझा डावा अंगठा उठवला आणि खाली झोकात लिहिलं, "वाचून दाखविले, समजले, मान्य." वरचा मजकूर मी स्वतः वाचला होता का? छे! मुन्शीसारखं अक्षर काढण्यातच माझा जीव गुंतला होता.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला सांगितलं, "तुझं काम झालं. तुझ्या बाबांचा अंगठा मी दिला."

"अवो, पन माहे बाबा त..." ती काही सांगत होती, तेवढ्यात घंटा झाली आणि मी तिला ओढत रांगेत नेलं.

दोन आठवडे मजेत गेले; संत्र्याची तोडणी लागल्यामुळे तिचे बाबा त्या दोन्ही रविवारी आलेच नाहीत. आम्ही लाल जिभा काढून एकमेकींना दाखवायचो. मग एका मंगळवारी शिवणाच्या तासाला मैत्रीण भडाभडा ओकली आणि तिथंच आडवी झाली. चेहरा पांढरा फटक. बाई ओरडल्या, "औषध बाधलं!" मला वाटलं, आता ही मरणार आणि मला फाशी होणार. वकिलाची मुलगी असल्यामुळे फाशीची मला इतरांपेक्षा जास्त माहिती होती.

संध्याकाळपर्यंत ती उठून बसली. पण मावशीनं एस.टी.च्या ड्रायव्हरकडे निरोप धाडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे बाबा संत्र्याची तोडणी अर्धी टाकून शाळेत हजर. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. मोठ्या बाईंच्या खोलीत मैत्रीण, तिला धरून आणणारी मी, आमच्या बाई आणि डॉक्टर.

बाईंनी चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्हीच अंगठा दिलाय ना? मग आता तक्रार कसली?"

त्यांनी चिठ्ठी उचलली, उजेडाकडे धरली. "बाई, मी चवथी पास हावो. मी सई करतो. हा अंगठा माहा नाई."

ते तिथंच बसले आणि ओळीखाली बोट धरून चिठ्ठी वाचू लागले, मोठ्यानं, एकेक शब्द फोडत. ती चिठ्ठी माझ्या वडिलांनंतर पुरती वाचणारा दुसरा माणूस तोच. मधेच बोट थांबलं. "'काही मुलींना औषध व काही मुलींना औषधाविना केवळ रंगीत गोड पाणी देण्यात येईल.' डाक्टरसाहेब, माह्या पोरीले दवाई भेटली का पानी?"

डॉक्टर कसेनुसे झाले. "ते मलाही ठाऊक नाही. यादी सीलबंद लखोट्यात आहे, अकोल्याला आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे. देणाऱ्यालाही कळू नये, अशीच पद्धत असते."

"तुमालेच नाई मालूम! मंग तुमी का देऊन राहिले?"

आमच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांनी तर आमच्या नंबर घातलेल्या बाटल्यांतले उरलेले चमचे शक्तीसाठी म्हणून स्वतः घेतले होते.

डॉक्टर लखोटा आणायला अकोल्याला गेले. जाताना मैत्रिणीचे बाबा म्हणाले, "लखोटा येस्तोवर शाळा बंद. मंग पाहू. गावी नेलं तं नेलं." मैत्रीण नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यापेक्षा तिनं माझ्या झिंज्या उपटल्या असत्या तर बरं झालं असतं.

दरम्यान मोठ्या बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या चाळल्या, आणि त्यात त्यांना गावातल्या नावाजलेल्या वकिलाचा अंगठा सापडला, खाली तेच झोकदार अक्षर. शनिवारी मैत्रीण आणि तिच्या बाबांबरोबर माझे वडीलही बोलावले गेले. त्यांनी चिठ्ठीवरचा आपला अंगठा नीट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"माझा अंगठा इतका नाजूक कधी झाला?"

मी मान खाली घातली.

"वाचून दाखविले, असं लिहिलंयस. कोणाला दाखवलंस वाचून?"

"कोणालाच नाही."

"समजलं कोणाला?"

मला रडू फुटलं. ते ओरडले असते तर परवडलं असतं, पण ते उलटतपासणी घेत होते.

तेवढ्यात डॉक्टर लखोटा घेऊन आले. सील फोडलं, यादीवरून बोट फिरवलं आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मैत्रिणीला नुसतं गोड पाणी मिळालं होतं! मग ओकारी कसली? मी हळूच कबूल केलं की त्या मंगळवारी आम्ही दोघींनी मधल्या सुट्टीत ओटीभर कच्ची बोरं मीठ लावून खाल्ली होती. बाई हसल्या, मोठ्या बाई हसल्या, मीही डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे काहीच झालं नाही!"

"काई झालं नाई?" तिचे बाबा माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. "पोरी, मले इचारलं असतं तं मी हो म्हटलं असतं. दवाई चांगली असन, डाक्टर भला मानूस हाये. पन मले इचारलं काहून नाई? मी बाप हावो ना तिचा?"

मग ते आपल्या मुलीकडे वळले. "अन् तुले कोनं इचारलं?"

तिनं मान हलवली. कोणीच नाही.

"मंग मी इचारतो. तुले का पायजे?"

"मले शाळेत राह्याचं हाये," ती म्हणाली. थोडं थांबून माझ्याकडे न बघता पुढं म्हणाली, "ते लाल औषध मले पैल्याच दिवशी नोको होतं."

मी तिला रांगेत ओढत नेलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. लाज वाटली, अगदी कानशिलं तापण्याइतकी.

त्यांनी डॉक्टरांकडून एक कोरी चिठ्ठी मागून घेतली आणि माझ्यापुढे धरली. "वकिलाची पोरगी हायेस ना? वाचून दाखव इले. सारं."

मी वाचलं. सगळं वाचलं, बारीक अक्षरातलंसुद्धा. दोनदा माझा आवाज फाटला, तेव्हा वडिलांनी पाण्याचा पेला पुढं केला. शेवटी मी लिहिलं, "वाचून दाखविले, समजले," आणि पुढची जागा सोडून टाक तिच्या हातात दिला. तिनं तिथं "नको" लिहिलं आणि आपलं पूर्ण नाव घातलं. खाली तिच्या बाबांनी सही केली, सावकाश, गावाच्या नावासकट, आणि पोरीला म्हणाले, "सोमवारी येजो शाळेत."

सोमवारी ती माझ्या आधी येऊन बाकावर बसली होती. एरवी मी तिला कोपरानं सरकवून बसायची. त्या दिवशी मी दप्तर छातीशी धरून विचारलं, "मी इथं बसू का?"

तिनं उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. मी तोवर उभी राहिले.