बाबांची थोरली

“थोरलीला आता निरोप द्यायला हवा,” बाबा बाहेरच्या खोलीत मामाला सांगत होते. मी आत होते. ऐकून मला बरं वाटलं.

मी बाबांची एकुलती एक मुलगी. थोरली म्हणजे आमची निळी गाडी. माझ्या जन्माआधी घरात आली, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बाबा हे इतक्या सहज बोलत, की नवे शेजारी विचारत, “मोठी कुठे असते?”

“खाली,” बाबा सांगत.

ऑफिसातून आल्यावर ते लगेच वर येत नसत. स्टिअरिंगवर हात ठेवून तिच्याशी बोलत बसत. मी गॅलरीतून बघायचे. वर आले की मला विचारत, “जेवलीस?” तेवढंच. तिची जराशी घरघर त्यांना तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायची. लगेच साकीनाक्याच्या मिस्त्रीकडे धाव. माझा घसा आठवडाभर बसला होता, तेव्हा म्हणाले, “हल्ली फार शांत असतेस.” दसऱ्याला तिला झेंडूचा भरगच्च हार, माझ्या लॅपटॉपला उरलेलं एक फूल.

माझ्याकडे त्यांचं लक्ष जायचं ते बहुतेक शब्द चुकल्यावर. दारातून मी “जाते” म्हटलं, की हाक यायची, “जाते नाही, येते म्हण.”

जुनी गाडी मोडीत काढली की नवीवर सरकारी सवलत मिळते, ही बातमी मामानेच आणली होती. तो गाड्यांच्या शोरूममध्ये आहे. “भावोजी, जुनी काढा, नवी घ्या. कारखाने चालतात, देश वाढतो.”

“मी दोन-तीन वर्षांनी घेणारच होतो रे. आज घेतली, तर तेव्हा तुझ्या कारखान्याकडून कोण घेणार? आणि माझा मिस्त्री काय देशाबाहेर राहतो?”

मामाने उत्तराऐवजी सवलतीचा आकडा पुढे केला. शिवाय थोरलीचा पत्रा तळातून गंजला होता.

“कधी तोडणार तिला?” मी विचारलं.

बाबा दचकले. “तोडत नाहीत गो. वाढवतात. नारळ वाढवतो, बांगडी वाढवतो, तसं. इंग्लिश शाळेत हे शिकवलं नाही वाटतं?”

“मग मी काय वेगळं म्हणतोय?” मामा खूश झाला. “गाडी वाढवा, देश वाढवा!”

बाबा हसले नाहीत.

भंगार केंद्रावर ते मला सोबत घेऊन गेले. दसरा नसतानाही हार आणला होता. चावी देऊन झाली तरी बॉनेटवरचा हात निघेना. माझ्या डोक्यावर तो हात असा शेवटचा कधी होता, ते मी आठवत होते.

“चला काका,” तिथला माणूस म्हणाला. बाबांचे ओठ नुसतेच हलले. एवढी वर्षं मला शिकवलेला तो एक शब्द त्यांनाच म्हणता येईना.

मी पुढे झाले. त्यांच्या हाताशेजारी, तापलेल्या पत्र्यावर माझा हात ठेवला.

“येतो गं आम्ही, ताई.”